तीन थेंब पाणी: कांजी ओळखायची एक किल्ली

आजचा भाग कांजीला घाबरून जपानी सोडायच्या बेतात असलेल्यांसाठी. आमच्या महाळुंग्यात, हिंजवडीच्या इतक्या जवळ, असे बरेच जण भेटतात. हिरागाना-काताकाना जमतं, मग कांजी येते आणि गाडी अडते. जपान सरकारच्या २०१० च्या यादीत नेहमीच्या वापरातल्या २,१३६ कांजी आहेत. प्रत्येक वेगळं चित्र म्हणून घोकायची तर अवघडच!

म्हणून आज एकच तुकडा घेऊ. कांजीच्या डाव्या कडेला, एकाखाली एक तीन छोट्या रेघा. वरच्या दोन खाली उतरतात, तिसरी खालून वर जाते. हे पाणी. अशा तुकड्याला रॅडिकल म्हणतात, जपानीत बुशू. याचं जपानी नाव सानझुई, चिनी सान-दिएन-श्वेइ, कोरियन साम्सु-ब्यन. तिन्ही नावांत ‘तीन’ आणि ‘पाणी’ आहेच.

समुद्र, तलाव, घाम, अश्रू, तेल, सगळ्यांच्या कांजीत हा तुकडा आहे. आपल्याकडे नाही का, जलाशय, जलतरण, जलवाहिनी? फरक इतकाच की ‘जल’ आपण उच्चारतो, हे तीन थेंब मात्र मुके. ते फक्त अर्थाकडे बोट दाखवतात.

मग उच्चार कुठून येतो? पुष्कळदा उजव्या भागातून. ‘निळा’ची कांजी घ्या, चीनकडून आलेला तिचा उच्चार ‘सेइ’. तिच्या डावीकडे पाणी लावलं की स्वच्छ, नितळ. सूर्य लावला की निरभ्र आकाश. ‘बोलणं’ लावलं की विनंती. तिन्हींचा उच्चार ‘सेइ’च! चिनीत तिन्ही ‘छिंग’, फक्त सूर वेगळा. कोरियनमध्ये तिन्ही ‘छंग’. म्हणजे डावीकडे अर्थ, उजवीकडे आवाज.

पण हा अंदाज आहे, नियम नाही. ‘कायदा’च्या कांजीतही हेच तीन थेंब आहेत. जुन्या चिनी कोशातलं स्पष्टीकरण असं, की कायदा पाण्यासारखा सगळीकडे समपातळीत असावा.

१७१६ च्या कांगशी शब्दकोशात असे २१४ रॅडिकल आहेत. सगळे आजच नकोत. जेएलपीटी जुलै-डिसेंबरला असते, तोवर आठवड्याला दोन घ्या. आत्ता पुस्तक उघडा, तीन थेंबांच्या पाच कांजी शोधा आणि अर्थ बघण्याआधी अंदाज करा. किती बरोबर आले, कळवा!