पाहुणा नव्हे, घरचं पोर

चीनला शिकायला जाणारी आपली मुलं बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी जातात आणि वसतिगृहात राहतात. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं काढूनही चिनी घराचा उंबरा ओलांडायची वेळ अनेकांवर येत नाही. शालेय आदानप्रदानाची वाट वेगळी आहे. एएफएस ही संस्था १९४७ पासून शाळकरी मुलांना परदेशी कुटुंबांत राहायला पाठवते. स्कूल इयर अब्रॉड या अमेरिकी संस्थेने १९९४ मध्ये बीजिंगमध्ये वर्ग सुरू केला, तेव्हा मुलांची सोय बीजिंगकरांच्या घरांतच केली. चीन समजून घ्यायचा तर याहून चांगली जागा नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात मात्र कागदपत्रांनी होते. हॉटेलबाहेर मुक्काम करणाऱ्या परदेशी माणसाची नोंद २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात करावी लागते, म्हणून नव्या घरच्यांबरोबरची पहिली फेरी बहुधा तिथलीच. १८० दिवसांहून जास्त शिकायचं असेल तर एक्स-१ व्हिसा लागतो आणि पोहोचल्यावर ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. फोनची व्यवस्थाही निघण्याआधीच ठरवावी. व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाही आणि चिनी लोकांचा सगळा व्यवहार ज्यावर चालतो त्या वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं, तर घरच्यांशी बोलण्याचा प्रश्न सहसा सुटतो.

यजमान घर बहुधा मोठ्या सोसायटीतला फ्लॅट असतो. दारातच चपला काढून घरातल्या स्लिपर घालायच्या. यजमान आईला ‘आयी’ म्हणजे मावशी, वडिलांना ‘शूशू’ म्हणजे काका म्हणायचं. आजी-आजोबा सोबत किंवा जवळपास असतात आणि नातवंडांचं बरंचसं तेच बघतात. शहरांतून २०१५ पर्यंत एक मूल धोरण राबवलं गेलं. त्यामुळे अनेक घरांत एकुलत्या एक मुलाला आदानप्रदानाच्या निमित्ताने पहिल्यांदाच ताई किंवा दादा मिळतो.

घराचं सगळं वेळापत्रक फिरतं ते या मुलाच्या अभ्यासाभोवती. दरवर्षी ७ जूनला सुरू होणारी ‘गाओखाओ’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा बहुतेक प्रांतांत ७५० गुणांची असते. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं. उच्च माध्यमिकची मुलं भल्या सकाळी घर सोडतात, दुपारी जेवणानंतर थोडी झोप काढतात आणि अनेक शाळांत रात्रीचा स्वाध्याय आटोपून नऊ-दहाला परततात. मग पुन्हा टेबलावरचा दिवा लागतो. थोड्या वेळाने आई न बोलता आत येते, सफरचंदाच्या सोललेल्या फोडी टोचणीसकट वहीशेजारी ठेवते आणि निघून जाते. आपण नीट बघितलं, तर दुसरी बशी आपल्या टेबलावरही आलेली असते. तोंडाने ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणायची रीत जुन्या पिढीत फारशी नाही. जीव लावला जातो तो असा.

जेवणाच्या टेबलावरही तेच. भाज्या, मासे, मांस मधोमध आणि प्रत्येकापुढे भाताची वाटी. आजी आपल्या वाटीत वाढतच राहते. वाटी रिकामी केली की ती पुन्हा भरते, म्हणून पुरे झालं की थोडं शिल्लक ठेवलेलं बरं. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मृतांपुढे उदबत्ती तशी लावतात. शाकाहारी मुलांनी मात्र आधीच स्पष्ट सांगावं. टोफूच्या भाजीत खिमा आणि पालेभाजीत डुकराची चरबी असू शकते. अंडं चालत असेल, तर टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात यावर पोट छान भरतं.

थंडी पडली की काळजीला ऊत येतो. बीजिंगमध्ये घरांना सरकारी उष्णता पुरवठा साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होतो. त्याआधीचे गार दिवस ‘आतून लांब पायजमा घातलास का?’ या प्रश्नात जातात. सर्दी, पोटदुखी, थकवा, काहीही झालं तरी पहिला उपाय गरम पाणी. ‘बारीक झालीस’, ‘जाड झालास’ हेही तोंडावर सांगतात. पाश्चात्त्य मुलांना ही ढवळाढवळ वाटते. मराठी घरात वाढलेल्या मुलाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आपणही आईला पोळी वाढल्याबद्दल ‘थँक्यू’ म्हणत नाही. तिथेही दर दोन मिनिटांनी आभार मानणारा मुलगा परकाच राहतो. भांडी विसळायला उठणारा, आजीबरोबर बाजारात जाणारा लवकर घरचा होतो.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आदल्या रात्री हे लख्ख दिसतं. उत्तरेकडच्या घरांत सगळे मिळून ज्याओझ वळतात. हे करंजीच्या आकाराचे पदार्थ उकडतात. एक जण पाऱ्या लाटतो, दुसरा सारण भरतो, तिसरा कडा चिमटून बंद करतो. दूरदर्शनवर १९८३ पासून दरवर्षी होणारा सरकारी वाहिनीचा महाकार्यक्रम चालू असतो. लाल पाकिटातले पैसे घरच्या मुलांना मिळतात, तसे आपल्यालाही.

चीनमध्ये असा घरचा झालेला एक मराठी माणूस आपल्या इतिहासातही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शिज्याच्वांग शहरात त्यांचं स्मारक आहे. ‘के दिहुआ’ हे त्यांचं चिनी नाव जुन्या पिढीला आजही आठवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. त्या विमानांतून व्यापारी आणि वैद्यकीचे विद्यार्थी जातीलच, पण काही शाळकरी मुलांनीही जावं आणि तिकडच्या मुलांनी आपल्या घरी यावं. सीमेवरचे प्रश्न त्याने सुटणार नाहीत. पण ‘चिनी’ किंवा ‘भारतीय’ म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे एखादी खरीखुरी आजी उभी राहील, अशी माणसं दोन्ही देशांत वाढायला हवीत.