ओतीव शिशाची गोळी आणि सौम्य काडतूस
लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने 1912 मध्ये आणलेल्या .375 मॅग्नमसारख्या मध्यम व्यासाच्या शिकारी रायफलीत तांब्याचे वेष्टन असलेली सुमारे 19 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 760 मीटर वेगाने सुटते. पण नेमबाजीच्या सरावासाठी एवढा जोर, आणि खांद्याला बसणारा तेवढाच धक्का, बहुधा अनावश्यक असतो. म्हणून अमेरिकेतील अनेक हौशी नेमबाज वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरताना साच्यात ओतलेली, वेष्टन नसलेली शिशाची गोळी आणि कमी दारू वापरतात. शिसे 327 अंशांनाच वितळते आणि मऊही असते, त्यामुळे वेग वाढल्यास गोळी नळीतील सर्पिल खाचांची पकड सोडते, मागचा तप्त वायू तिच्या कडा झिजवतो आणि नळीत शिशाचा थर बसून नेम बिघडतो. यावर शिशात अँटिमनी व कथील मिसळणे, गोळीला वंगण लावणे आणि तिच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवणे हे रूढ उपाय आहेत. मात्र ‘कमी म्हणजे सुरक्षित’ हा समज फसवा आहे, कारण दारू फारच कमी पडल्यास गोळी नळीतच अडकू शकते, आणि त्यामागून झाडलेला पुढचा बार नळी फोडू शकतो.