लक्ष्यवेधाची रायफल

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर रायफलीचे कांस्यपदक मिळविले. घरचे मूल हा नाद धरील, तर पालकांस आमचे सांगणे एवढेच, की खर्च आधी दस्त्यावर करावा. गालाची व खांद्याची पट्टी सरकती असली, म्हणजे वाढत्या अंगास तोच दस्ता पुरतो. बेताचा नसल्यास मान अवघडते व नेम ढळतो. चाप दरवेळी एकाच दाबाने सुटावा. नवशिक्यास अतिहलका चाप घातक होय. मॅगझीनचा मोह नको, कारण या स्पर्धेत काडतूस एकेकच भरावे लागते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर! म्हणून गुडघ्यावर, पालथे व उभे, अशा तिन्ही आसनांत रायफल अंगास लावून पाहावी; मगच पैसे मोजावे.