परदेशात रेल्वेचा पास घ्यायचा की साधं तिकीट? आधी वहीवर हिशोब मांडा

हिंगोलीहून वसमत-पूर्णेकडे किंवा वाशिम-अकोल्याकडे रोज रेल्वेनं ये-जा करणाऱ्याला पास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. महिन्याचा पास एकदा काढला की रोजच्या तिकिटापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. त्यामुळे आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय: पास म्हणजे बचत.

परदेशात फिरायला जाताना नेमकं हेच गणित चुकतं. तिथे पर्यटकांसाठी जो रेल्वे पास विकला जातो, तो रोज कामावर जाणाऱ्याचा पास नाही. ठरलेल्या दिवसांत हवं तितकं फिरण्याची ती एकरकमी किंमत असते. भरपूर फिरलात तर पैसे वसूल. दोनच शहरं बघितली तर तोच पास साध्या तिकिटांपेक्षा महाग पडतो. चार माणसांचं कुटुंब असेल तर हा फरक हजारो रुपयांत जातो.

कुणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, तो अम्मी-अब्बांना बोलावतो. कुणी उमराहनंतर तुर्कस्तान करून येऊ म्हणतं. वर्षानुवर्षं साठवलेला पैसा एका सहलीत लागतो. म्हणून पास घेण्याआधी पुढच्या चार गोष्टी तपासा.

१. हा पास आपल्याला लागू आहे का?

युरोपात जवळपास सारखेच दोन पास आहेत. युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी, इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा यापेक्षा तुम्ही राहता कुठे हे महत्त्वाचं. म्हणजे हिंगोलीहून जाणाऱ्या आई-वडिलांना युरेल घ्यावा लागेल आणि जर्मनीत राहणाऱ्या त्यांच्या मुलाला इंटररेल. मुलानं घाईत सगळ्यांसाठी एकच पास काढला, तर गाडीत तपासणीच्या वेळी अडचण होऊ शकते.

जपानचा देशभर चालणारा जपान रेल पास थोड्या दिवसांसाठी आलेल्या पर्यटकांसाठी असतो. तिथे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मुलांना तो मिळत नाही. स्विस ट्रॅव्हल पासही त्या देशाबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे.

२. तिकिटांची बेरीज आणि पासची किंमत

हे काम एजंटवर सोडू नका. वहीच्या एका बाजूला आपण करणार असलेला प्रत्येक प्रवास लिहा आणि त्यापुढे साध्या तिकिटाची किंमत. दुसऱ्या बाजूला पासची किंमत. मग बेरीज करा.

जपानचं उदाहरण घ्या. ७ दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला होता. तेव्हापासून तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. जाऊन-येऊन २८,००० येन. म्हणजे टोकियो-क्योटो एवढंच फिरायचं असेल तर पासमध्ये माणशी सुमारे २२,००० येनचा तोटा, आणि चार मोठ्या माणसांमागे ८८,००० येनचा. त्यात सर्वांत वेगवान नोझोमी गाडीत बसायचं तर पास असूनही वेगळे पैसे भरावे लागतात. पण इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ आजही ‘जपानला जाताय, पास घ्याच’ असं सांगतात. ते जुन्या दरावर बनवलेले आहेत. व्हिडिओची तारीख आधी बघा.

स्वित्झर्लंडमध्ये दोन पर्याय आहेत. ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस, बोट आणि बरीच संग्रहालयं येतात. हाफ फेअर कार्डावर बहुतेक तिकिटं निम्म्या दरात मिळतात. कार्डाचा हिशोब सोपा आहे: पूर्ण दरानं होणारा प्रवासखर्च कार्डाच्या किमतीच्या दुप्पट झाला की कार्ड वसूल. त्यापुढे निव्वळ बचत. मात्र युंगफ्राऊयोखसारख्या उंच ठिकाणच्या डोंगरी रेल्वेवर ट्रॅव्हल पास शेवटपर्यंत चालत नाही. वरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, त्यावर फक्त सूट मिळते. एकाच गावात राहून दोन-तीन मोठे डोंगर बघायचे असतील तर हाफ फेअर कार्ड बऱ्याचदा बरं पडतं.

३. मुलं आणि बुजुर्ग यांची सवलत

भारतात ज्येष्ठ नागरिकांना रेल्वे तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. परदेशात ती कुठे आहे, कुठे नाही. युरेलवर ६० वर्षांवरच्या प्रवाशाला १० टक्के आणि २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना २५ टक्के सूट आहे. ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्या माणसासोबत मोफत, एका मोठ्यामागे दोन मुलं. पण मुलांचा मोफत पासही आपल्या पासबरोबर मागून घ्यावा लागतो, तो आपोआप मिळत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये पास किंवा कार्ड असलेल्या आई-वडिलांसोबत १६ वर्षांखालच्या मुलांचा प्रवास फॅमिली कार्डावर मोफत होतो. जपानमध्ये ६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मा दर आहे. घरात तीन-चार लेकरं असतील तर या एका गोष्टीवर सगळा हिशोब उलटा होऊ शकतो. म्हणून बेरीज माणशी करू नका, पूर्ण कुटुंबाची करा.

४. पासशिवाय वेगळे पैसे किती?

पास आहे म्हणजे जागा मिळालीच असं नाही. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांत आणि तुर्कस्तानातल्या इस्तंबूल-अंकारा-कोन्या मार्गावरच्या हायस्पीड गाडीत युरेल पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. रात्रीच्या गाडीत झोपण्याच्या जागेचे पैसेही वेगळे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येतं.

इथेच पासचा खरा फायदा दिसतो. स्वस्तातलं आगाऊ तिकीट ठराविक गाडीलाच बांधलेलं असतं. ती गाडी चुकली की तिकीट गेलं. पास असेल तर जुमाच्या दिवशी वाटेतल्या शहरात उतरा, नमाज अदा करा, जेवण करा आणि पुढची गाडी पकडा. अम्मीचे गुडघे दुखताहेत, लेकरू रडतंय, तर एक गाडी सोडली तरी नुकसान नाही. या मोकळीकीसाठी थोडे जास्त पैसे देणं वाया जात नाही. फक्त ते समजून-उमजून द्यावेत.

मुलाकडे महिनाभर राहायला जाताय?

जर्मनीत महिनाभर राहणार असाल तर मोठ्या पासआधी डॉइचलँड-टिकेट बघा. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, शहरातली मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ही दर महिन्याची वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात, तुम्ही हिंगोलीत परत आलेले असलात तरी.

उमराहला जाताना

मक्का, जिद्दा आणि मदिना जोडणारी हरमैन हायस्पीड रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली. सुमारे ४५० किलोमीटरचा हा मार्ग, वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. उमराहला जाणारा माणूस या गाडीत एकदा, फार तर दोनदा बसतो. त्यामुळे पासचा विचारच नको, साधं तिकीट आधी काढून ठेवा. पॅकेज घेताना मक्का-मदिना प्रवास बसनं आहे की रेल्वेनं, हे लेखी विचारून घ्या. बुजुर्गांसाठी हा फरक फार मोठा आहे.

पैसे भरण्याआधी

व्हिसा हातात येण्याआधी पास सुरू करू नका. एकदा सुरू केलेल्या पासचे पैसे परत मिळत नाहीत. पासवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळू द्या. आपल्याकडे शेख, सय्यद, पठाण कधी आधी, कधी नंतर लिहिलं जातं, तिथे ते चालत नाही. मोबाइलवरचा पास असेल तर चार्जर आणि इंटरनेटची सोय ठेवा. भारतीय कार्डानं परकीय चलनात पैसे भरले की बँक वर काही टक्के लावते, तेही वहीत धरा. आणि दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा.

फिरणं ही चैन नाही, अल्लाहची दुनिया बघणं चांगलंच आहे. पण न वापरलेल्या पासवर गेलेला पैसा हा इसराफच. अर्धा तास वही-पेन घेऊन सगळ्या घरानं एकत्र बसा. पास घ्यायचा की तिकीट, ते वहीतली बेरीजच सांगेल.