कापलेले तुकडे

‘सिनेमा पॅराडिसो’ या इटालियन चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर काय दिसतं? चुंबनं. जुन्या कृष्णधवल चित्रपटांतली, एकामागून एक. गोष्ट नाही, संवाद नाही, मागे फक्त एन्यो मोरिकोनेचं संगीत.

सिसिलीतल्या एका गावात पाद्री चित्रपट आधी एकटा पाहायचा. चुंबन आलं की घंटी वाजवायचा आणि प्रोजेक्टर चालवणारा आल्फ्रेदो रिळात तिथे कागदाची चिठ्ठी खोचायचा. तेवढी फिल्म मग कापली जायची. गावातल्या छोट्या तोतोने ते तुकडे मागितले, तेव्हा आल्फ्रेदो म्हणाला, तुझेच आहेत, पण सांभाळणार मी. तोतो मोठा होतो, एलेनाच्या प्रेमात पडतो, ती दुरावते. तो गाव सोडतो, रोममध्ये नावाजलेला दिग्दर्शक होतो. तीस वर्षांनी आल्फ्रेदोच्या अंत्ययात्रेला येतो, तेव्हा ते तुकडे जोडलेलं रीळ त्याच्या हाती पडतं. जुझेप्पे तोर्नातोरेच्या या १९८८ च्या चित्रपटाला १९९० मध्ये ऑस्कर मिळालं.

मी पिंपळनेरात लग्नाच्या शूटिंगा करतो, व्हीएचएस कॅसेटच्या काळापासून. जुने दिवस आठवतात म्हणून या शेवटाला रडू येतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. जुनं तर सगळंच होतं. आपण मागितलेलं कुणीतरी इतकी वर्षं आपल्यासाठी राखून ठेवलं, हे दिसतं म्हणून गळा दाटतो. तोतोला एलेना मिळत नाही, परक्यांची चुंबनं मिळतात. तरी त्यात आल्फ्रेदो पुरता सापडतो.

परवा सामोड्याच्या एक ताई माहेरच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. फितीवर पांढरी बुरशी चढलेली. कॅसेट तशीच लावली तर व्हीसीआरचं हेड चोक होतं, फीतही चिरडते. म्हणून कॅसेट उघडून, फीत हलक्या हाताने पुसून मगच कॉम्प्युटरवर घेतली. नवरा-नवरीकडे ताईंचं लक्षच नव्हतं. ‘भाऊ, यामा मना बाप शे का?’ एवढंच विचारत होत्या. मंगलाष्टकं गेली, आहेर गेले. पंगत आली. एक माणूस ओणवा होऊन बट्टीवर तूप वाढत होता, पाठ कॅमेऱ्याकडे. ताईंनी पाठीवरून ओळखलं. असा तुकडा एडिटिंगमध्ये आम्ही सर्रास कापतो.

आमच्याकडून ताहराबाद-सटाणा करत मालेगावला जाता येतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना जमवून ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे सुपरमॅनही. सुपरमॅन झाला यंत्रमागावर राबणारा, अंगाने किरकोळ शफीक. ट्रॉली नव्हती, म्हणून कॅमेरा सायकलवर बसला. फैजा अहमद खान यांनी त्या शूटिंगवर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. शफीक पुढे कॅन्सरने गेला. याच मित्रांवरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरला लागला. मित्राला हयातीतच हिरो झालेलं पाहायचं, ही त्यातली धडपड मला आल्फ्रेदोच्या रिळाइतकीच मोलाची वाटते. प्रेमाची गोष्ट म्हणजे फक्त नायक-नायिकेची, असं का धरून चालायचं?

दोन्ही पाहा, पण माहितीपट आधी. त्यात खुद्द शफीक आहे. मग कागतींच्या चित्रपटात शफीक झालेल्या शशांक अरोराने त्याचं काय काय सांभाळलंय, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.