कपाटातल्या जुन्या लेन्सने टिपा चंद्र

संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत तुम्हीही गच्चीवर उभे राहिला असाल. चंद्र दिसतो, हात जोडले जातात आणि लगेच मोबाइल वर जातो. फोटोत मात्र एक पांढरा ठिपका येतो. अशा वेळी महागडी टेलिफोटो लेन्स घेण्याआधी घरातलं कपाट उघडून बघा. फिल्म कॅमेऱ्याच्या काळातली 135 किंवा 200 मिमीची लेन्स तिथे पडून असू शकते.

आमच्या घरी बाबांची 200 मिमीची लेन्स अशीच माळ्यावर होती. रोल मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी कॅमेरा ठेवून दिला आणि फोटो काढणंही थांबवलं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जाता जाता वाचली.

लेन्स अशी बसवा

आधी टॉर्च लावून लेन्सच्या आत पाहा. काचेवर जाळीसारखी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडून साफ करून घ्या. मग तुमच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी योग्य अ‍ॅडॅप्टर घ्या. ही आत काच नसलेली साधी धातूची रिंग असते. एम42 प्रकारच्या जुन्या लेन्सला सेन्सरपासून सुमारे 45.5 मिमी अंतर लागतं, तर सोनी ई माउंटमध्ये ते 18 मिमीच असतं. मधली जागा ही रिंग भरून काढते. मेन्यूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय सुरू करायला विसरू नका.

चंद्र उन्हात असतो

माझ्या पहिल्या फोटोत चंद्र भाकरीसारखा पांढराफटक आला. कारण रात्र आहे म्हणून मी सगळं ऑटोवर सोडलं होतं. काळं आकाश पाहून कॅमेरा जास्त उजेड घेतो, पण चंद्रावर तर ऊन पडलेलं असतं! म्हणून मॅन्युअल मोड वापरा. पूर्ण चंद्रासाठी आयएसओ 100, एफ/11 आणि शटर 1/125 पासून सुरुवात करा. अर्ध्या चंद्रासाठी आयएसओ 200, एफ/8 आणि 1/125 ठेवून बघा. मग फोटो पाहून शटर थोडं कमी-जास्त करा.

पौर्णिमेपेक्षा अष्टमी बरी

पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि चंद्र सपाट वाटतो. टायको विवरातून निघणारे पांढरे पट्टे मात्र तेव्हाच ठळक दिसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात. शिवाय चंद्र संध्याकाळीच आकाशात उंच असतो, म्हणून मुलांनाही जागवावं लागत नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं, तेव्हाही चंद्र जवळपास असाच अर्धा होता. संकष्टीला मात्र पूजा आटोपून तासभर थांबा. क्षितिजाजवळची धूळ आणि धुरकं टळेल.

फोकस हातानेच

जुन्या लेन्सची रिंग अनंताच्या खुणेपुढेही थोडी फिरते, त्यामुळे खुणेवर विसंबू नका. स्क्रीनवर चंद्र मोठा करा आणि कडा धारदार होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. ट्रायपॉड आणि 2 सेकंदांचा टायमर वापरा, म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलणार नाही. 200 मिमी लेन्सने सेन्सरवर चंद्र 2 मिमीपेक्षाही लहान उमटतो. म्हणून रॉ फाइल ठेवा आणि नंतर क्रॉप करा.

चंद्र नसेल तेव्हा

अमावस्येच्या आसपास हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका टिपा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 200 मिमी लेन्स असेल तर शटर दीड सेकंदापेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर तारे रेघांसारखे दिसतील. गुरूच्या शेजारी बारीक ठिपके दिसले तर मुलांना जरूर दाखवा. गुरूचे हे 4 मोठे चंद्र गॅलिलिओने 1610 मध्ये दुर्बिणीतून पाहिले होते.

काम झालं की लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.

आमच्या गच्चीवर त्या अष्टमीला मला काही केल्या फोकस जमेना. बाबा खुर्चीतून उठले, चष्मा वर सरकवला आणि रिंग जराशी फिरवली. स्क्रीनवर एकेक विवर स्पष्ट झालं. तेव्हापासून महिन्यातून एकदा कॅमेरा तेच बाहेर काढतात. तुमच्याही घरात अशी लेन्स असेल तर ती एकट्याने वापरू नका. जिची ती आहे, त्या माणसालाही गच्चीवर घेऊन जा.