जुना कंट्रोलर, दुसरा कन्सोल

निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलचा कंट्रोलर उघडला, की आत ४०२१ क्रमांकाची एकच छोटी आयसी दिसते. कन्सोलने ‘लॅच’च्या तारेवर इशारा दिला, की आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती ती पकडून ठेवते. मग ‘क्लॉक’च्या प्रत्येक ठोक्याला एकेका बटणाची खबर ‘डेटा’च्या तारेवरून जाते. ५ व्होल्ट आणि ग्राउंड धरून सगळा कारभार पाच तारांत!

१९९०च्या सुपर फॅमिकॉमने, म्हणजे सुपर एनईएसच्या जपानी रूपाने, बटणं १२ केली, पण पद्धत तीच ठेवली. म्हणूनच सुपर एनईएसच्या कंट्रोलरचा नुसता प्लग बदलला तरी तो जुन्या एनईएसवर चालतो. फक्त ‘बी’ दाबलं की ‘ए’चं काम होतं आणि ‘वाय’ दाबलं की ‘बी’चं, ‘ए’, ‘एक्स’, ‘एल’ आणि ‘आर’ ही बटणं बसतात गप्प, कारण एनईएस पहिले आठच ठोके वाचतो. मागच्या पिढीशी इतकं सांभाळून घेणारी रचना विरळाच.

यूएसबीला जोडायचं तर मात्र मध्ये मायक्रोकंट्रोलर हवाच.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेल्या, कॅसेटवाल्या टीव्ही गेमच्या कंट्रोलरबाबत विशेष जपा. त्यांतल्या अनेकांचा ९ पिनांचा प्लग अटारी किंवा सेगाच्या कन्सोलमध्ये सहज बसतो, पण आतली जोडणी निन्टेन्डोच्या पद्धतीची असते. ५ व्होल्टची तार भलत्याच पिनवर आली तर आयसी जळू शकते. तारांच्या रंगांवर विसंबू नका. आधी मल्टिमीटर लावून प्रत्येक पिन तपासा.